‘नागपूर’चा दीर्घ ‘पू’ : मराठी कोश आणि लेखननियमांची पार्श्वभूमी

हिंदीत ‘नागपुर’, मराठीत ‘नागपूर’. यात चूक कोणाचीच नाही; दोन भाषांच्या लेखनपद्धती वेगळ्या आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतला दहावा नियम सांगतो की ग्रामनामातला ‘पूर’ दीर्घ लिहावा, आणि उदाहरणांत नागपूरचेच नाव आहे. सामान्यरूप (प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल) झाले की मात्र उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, स्वर ऱ्हस्व होतो: नागपुरात, नागपुरी. ‘नागपूरचा’, ‘नागपूरला’ यांत सामान्यरूप नसल्याने दीर्घ टिकतो. पाट्यांवर दिसणारे ‘नागपूरात’ हे हा फरक न कळल्याचे लक्षण.

एका मात्रेला इतके महत्त्व का आले, हे या शहराच्या इतिहासात आहे. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, म्हणजे हिंदी आणि मराठी मुलखांची एकत्र. कोशकार डॉ. रघुवीर यांचे संस्कृताधारित परिभाषेचे मोठे काम याच शहरात झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्य भाषेवर उभे राहिल्यावर ती भाषा लिहायची कशी, हे ठरवणे राज्य उभारण्याचाच भाग झाले. अमेरिकेत १८२८ च्या वेबस्टरच्या कोशाने आणि तुर्कस्तानात १९२८ च्या लिपीबदलाने हेच काम केले होते.

कोशांची परंपरा त्याआधीची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून सात खंडांत निघाला. त्यात शब्दापुढे कंसात (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी अशा खुणा आहेत. या खुणांनी आपले विदर्भातले असंख्य शब्द वाचवले, हे मोठेच ऋण. पण प्रमाण मानलेल्या शब्दाला कंस नसतो. कोणाची बोली मराठी आणि कोणाची मराठीतली एक बोली, हे तो कंस न बोलता सांगतो.

लेखनाचे नियम पुण्याहून आले, ही विदर्भातली तक्रार मात्र अर्धीच खरी. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाच्या घटक संस्थांत विदर्भ साहित्य संघ होता. १९६२ मध्ये चौदा नियम शासनमान्य झाले, १९७२ मध्ये आणखी चार आले. ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांतले अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘कवि’, ‘गुरु’ हे तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द ‘कवी’, ‘गुरू’ झाले, पण समासात ‘कविराज’ ऱ्हस्वच राहिला. शिकणारा सर्वांत जास्त इथेच अडखळतो.

६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला आणि ‘ल’, ‘श’ यांची मराठी वळणे ठरवली. तरी बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणच आधी उमटते.

संगणकावरची खरी अडचण ‘वऱ्हाड’ लिहिताना येते. साधा र आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) टंकला की ‘वर्हाड’ होते. ‘ऱ’ (नुक्तावाला र) आणि हलन्त टंकावा. र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तेच रूप दिसते, पण संगणकाच्या लेखी तो वेगळा शब्द असतो. एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातला मजकूर सापडेलच असे नाही. म्हणून जुने मजकूर संगणकावर चढवताना आधी एकच पद्धत ठरवावी आणि शोधयादीत दोन्ही रूपे ठेवावीत.