पावर कपाटात, नवरा कोमात: कुलमुखत्यारपत्र आणि कोर्टाने नेमलेला पालक

गोव्यात डिचोली, पेडण्याकडच्या बऱ्याच घरांत कपाटात एक कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, जपून ठेवलेलं असतं. नवरा बोटीवर किंवा आखातात जाण्याआधी बायकोच्या नावे ‘पावर’ करून देतो. बँक, घरपट्टी, मामलेदार कचेरीतली कामं अडू नयेत म्हणून. तोच नवरा सुट्टीवर येतो, दुचाकीला अपघात होतो, आणि डोक्याला मार लागून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) बेशुद्ध पडून राहतो. घरचे म्हणतात, पावर आहे, कागदोपत्री अडचण नाही.

अडचण नेमकी तिथेच आहे. मुखत्यार सही करतो ती दुसऱ्याच्या वतीने. ज्याच्या वतीने करायची त्यालाच भान उरलं नाही, तर ती सही कोणाची? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, पावर देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे पाच वर्षं बिनबोभाट चाललेला कागद ऐन गरजेच्या दिवशी निकामी. इंग्लंडमध्ये भान गेल्यावरही चालणारी पावर आधीच करून ठेवता येते. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. आणि बँकेला कळणार नाही म्हणून जुन्या पावरवर सही ठोकणं तर अगदीच धोक्याचं. पुढे भावकीत वाद झाला की तोच व्यवहार गळ्याशी येतो.

अशा वेळी लागतो कोर्टाने नेमलेला पालक. त्याचा अधिकार येतो न्यायालयाकडून, म्हणून रुग्ण बेशुद्ध असला तरी तो चालतो. मात्र कोमातल्या प्रौढासाठी सरळ असा कायदाच नाही. १८९० चा पालक कायदा अल्पवयीनांपुरता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांचं बघतो, मालमत्तेचं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातला मर्यादित पालक दिव्यांग व्यक्तीबरोबर मिळून निर्णय घेतो, आणि कोमातला माणूस काय मिळून घेणार? म्हणून कुटुंबं संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. गोव्यात म्हणजे पर्वरीच्या खंडपीठाकडे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा अर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: डॉक्टरांच्या मंडळाचा अहवाल, मालमत्तेची यादी, जवळच्या नातलगांची माहिती, आणि नेमणुकीनंतर ठरावीक काळाने हिशेब. मुखत्यार हिशेब देतो पावर देणाऱ्याला, पालक देतो कोर्टाला.

गोव्यात आणखी एक गाठ आहे. इथल्या नागरी संहितेखाली, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. पण स्थावर विकायची तर दोघांची संमती लागते. बायकोला वाटतं, अर्धं घर माझंच आहे, तेवढं विकून इस्पितळाचं बिल भागवीन. नवऱ्याच्या संमतीची जागा भरल्याशिवाय ते होत नाही, आणि ती जागा जुनी पावर भरू शकत नाही. पालकत्वाच्या अर्जातच विक्रीची परवानगी स्पष्ट मागावी, नाहीतर त्यासाठी पुन्हा पर्वरी गाठावी लागते.

अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मात्र एवढं सगळं होईपर्यंत थांबायला नको. तिथे जवळचा नातलग वादमित्र म्हणून जखमीच्या वतीने भरपाईचा दावा लावू शकतो. तो वादमित्र त्या दाव्यापुरताच. बँकेच्या खिडकीवर त्या नात्याने पैसे काढता येत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०२२ पासून या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा हा अर्ज आधी घाला.