‘डार्क फिनिक्स’: सिनेमाच्या आधीची चाळीस वर्षं

जून २०१९ मध्ये आलेला ‘डार्क फिनिक्स’, म्हणजे मार्व्हल कॉमिक्सच्या ‘एक्स-मेन’ या सुपरहिरोंवरचा सिनेमा, सपशेल आपटला. खर्च सुमारे २० कोटी डॉलर आणि जगभरातला गल्ला जेमतेम २५ कोटींच्या आसपास. त्यातून थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा केला तर तो सरळसरळ तोट्याचा धंदा ठरतो. ‘एक्स-मेन’ मालिकेत तोवर एवढी कमी कमाई कुठल्याच चित्रपटाची झाली नव्हती. अफाट शक्ती हाती येते आणि नायिकाच बिघडते, ही गोष्ट ऐकायला सोपी आणि जबरदस्त आहे. पण २००६ आणि २०१९ असे दोनदा प्रयत्न करूनही ती पडद्यावर उभी राहिली नाही. असं का झालं, ते समजायला कॉमिक्समधली मूळ गोष्ट कशी घडली हे पाहावं लागतं. ती चार वर्षं मुरत होती आणि तिचा शेवट ऐन छपाईच्या तोंडावर बदलला गेला.

या गोष्टीची नायिका जीन ग्रे पहिल्यांदा दिसली ती ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात. अंकावरची तारीख सप्टेंबर १९६३, लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या, म्हणजे ‘म्युटंट’ मुलांसाठीच्या प्रोफेसर झेव्हियरच्या शाळेत चार मुलगे आधीच आहेत, आणि नवी मुलगी येतेय म्हटल्यावर सगळे खिडकीशी गोळा होतात. तिची ओळख करून दिली जाते ती अशी. टोपणनाव ‘मार्व्हल गर्ल’, अंगी शक्ती मनाच्या जोरावर वस्तू हलवण्याची. त्या काळच्या कॉमिक्समध्ये संघातल्या एकुलत्या एका मुलीच्या वाट्याला जे यायचं तेच तिच्याही वाट्याला आलं: दमणं, घेरी येणं, कुणीतरी येऊन वाचवणं. मालिकाही फारशी चालली नाही. १९७० मध्ये ६६व्या अंकानंतर नवं लिखाण थांबलं आणि पाच वर्षं जुन्याच गोष्टी पुन्हा छापून वेळ मारून नेली गेली.

१९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉकरम यांनी स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस असा नवा संघ उभा केला, वुल्व्हरिनला त्यात ओढलं, आणि लवकरच लेखनाची सूत्रं ख्रिस क्लेरमाँट या पंचविशीतल्या लेखकाकडे आली. पुढे १९९१ पर्यंत तो ही मालिका लिहीत राहिला. त्याच्या बायका बोलतात, चिडतात, निर्णय घेतात, चुकतात. स्टॉर्मकडे पाहा किंवा पुढे आलेल्या किटी प्राइडकडे. जीनला मात्र या मांडणीत जागा नव्हती, तिने तर संघ सोडला होता. मग १९७६ मध्ये क्लेरमाँट आणि कॉकरम यांनी तिला परत आणलं, आणि ज्या तऱ्हेने आणलं त्याला तोड नाही. अंतराळातून परतताना सौर किरणोत्सर्गाच्या वादळातून यान हाकायचं असतं. बाकीचे सुरक्षित कप्प्यात बसतात, जीन एकटी यान चालवते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर यान आदळतं आणि घसरत जमैका बे या खाडीत जातं. १०१व्या अंकात पाणी उसळतं आणि हिरव्या-सोनेरी पोशाखातली जीन वर झेपावते. आता आपण अग्नी आहोत, साक्षात जीवन आहोत, आपलं नाव फिनिक्स, असं ती सांगते. घेरी येणाऱ्या मुलीपासून इथवर यायला तेरा वर्षं लागली होती.

पुढे १०८व्या अंकात ती विश्वाचा विनाश थोपवते. याच अंकापासून चित्रकार म्हणून जॉन बर्न आला. त्याला एक अडचण जाणवत होती, आणि ती खरीच होती. एक पात्र सगळं करू शकत असेल तर बाकीच्या संघाने काय करायचं? क्लेरमाँटचा ओढा वेगळा होता. एवढी शक्ती माणसाच्या मनाचं काय करते, हे त्याला पाहायचं होतं. या दोघांच्या ओढाताणीतून १९८० मधली कथा निघाली, अंक १२९ ते १३७. त्यानंतरचा १३८वा अंक अंत्यविधीचा.

‘शक्तीने बिघडली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण मूळ कथेत हे इतकं सरळ नाही. हेलफायर क्लब नावाची धनदांडग्यांची एक टोळी आहे. (तिची कल्पना ‘द अॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या १९६६ मधल्या एका भागावरून घेतलेली.) तिच्यात शिरू पाहणारा मास्टरमाइंड हा भ्रम निर्माण करणारा खलनायक आहे. टोळीतल्याच एमा फ्रॉस्टने पुरवलेल्या उपकरणाच्या मदतीने तो जीनच्या मनात शिरतो. काही महिने तिला अधूनमधून अठराव्या शतकातली दृश्यं दिसत राहतात. तिला वाटतं, हे आपल्या पूर्वजेचं आयुष्य आहे. त्या आयुष्यात ती एका उमरावाची प्रेयसी आहे, आणि तो उमराव म्हणजे हा मास्टरमाइंडच. अशा रीतीने तिला हळूहळू क्लबची ‘ब्लॅक क्वीन’ बनवलं जातं. म्हणजे आधी तिच्या मनावर दरोडा पडतो. शक्तीचा बांध फुटतो तो त्यानंतर, आणि फुटल्यावर सगळ्यात आधी मास्टरमाइंडलाच तिच्या रागाची किंमत मोजावी लागते.

या सगळ्याच्या मधोमध, १३२व्या अंकात, एक शांत प्रसंग आहे. न्यू मेक्सिकोत एका उंच सपाट कड्यावर जीन आणि स्कॉट, म्हणजे सायक्लॉप्स, दोघेच आहेत. स्कॉटच्या डोळ्यांतून सतत विध्वंसक किरण निघतात, म्हणून तो चष्म्याशिवाय डोळे उघडू शकत नाही. जीन त्याचा चष्मा काढते. तो घाबरतो. ती नुसत्या मनाने ते किरण रोखून धरते आणि त्याचे डोळे पाहते. प्रेमाचा इतका सुंदर क्षण त्या काळच्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये मला दुसरा आठवत नाही. आणि त्याच चौकटीत वाचकाच्या मनात धस्स होतं, कारण जी शक्ती डोंगर फोडते ती ही मुलगी इतक्या सहज आवरते आहे. स्कॉटच्याही मनात तीच भीती येऊन जाते. दोन्ही सिनेमांना जे जमलं नाही ते इथे एका पानात आहे. २००६ च्या सिनेमात तर हाच प्रसंग तळ्याकाठी घेतलाय, आणि काही क्षणांत स्कॉट संपलेला असतो. त्याचा मृत्यू पडद्यावर धड दिसतही नाही.

मग १३५वा अंक. डार्क फिनिक्स झालेली जीन भूक लागल्यासारखी एका दूरच्या ताऱ्यात शिरते आणि तो गिळते. त्या ताऱ्याभोवती डी’बारी लोकांचा ग्रह आहे. सूर्य विझतो आणि ५०० कोटी जीव मरतात. १९८० मध्ये आपल्या पृथ्वीची लोकसंख्या यापेक्षा कमी होती. नंतर हल्ला करणारं शिआर या परग्रहवासी साम्राज्याचं जहाजही ती नष्ट करते.

इथून पुढचा भाग कागदावर कमी आणि मार्व्हलच्या कचेरीत जास्त घडला. क्लेरमाँट आणि बर्न यांनी ठरवलेला शेवट सौम्य होता. जीनला वाचवण्यासाठी शिआरांशी चंद्रावर झालेल्या लढाईत एक्स-मेन हरतात, शिआर लोक जीनच्या मनावर एक प्रकारची शस्त्रक्रिया करून तिची शक्ती कायमची काढून घेतात, आणि ती साधी माणूस म्हणून जगते. पानं काढूनही झाली होती. पण १९७८ पासून मुख्य संपादक असलेल्या जिम शूटरने हरकत घेतली. जिने एक अख्खी जात नष्ट केली, तिने शक्ती गमावून घरी जायचं आणि पुन्हा मित्रांबरोबर राहायचं, हे नैतिकदृष्ट्या पटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तिला कुठेतरी कायम कैदेत ठेवावं असाही पर्याय निघाला. पण मग एक्स-मेन तिला सोडवायला पुन्हा पुन्हा जाणार, म्हणून तो मागे पडला. शेवटी जीनला मारायचं ठरलं. १३७व्या अंकाची शेवटची पानं नव्याने लिहिली आणि काढली गेली. चंद्रावर लढाई चालू असताना जीनला कळतं की आपण पुन्हा ताबा गमावतोय. ती स्कॉटचा निरोप घेते आणि तिथल्या एका प्राचीन शस्त्रासमोर जाऊन स्वतःला संपवते. बाद झालेला शेवट मार्व्हलने १९८४ मध्ये ‘फिनिक्स: द अनटोल्ड स्टोरी’ म्हणून छापला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

माझं मत शूटरच्या बाजूने पडतं, निदान अर्धं. ५०० कोटी मृत्यू एकदा चौकटीत दाखवलेत तर पुढच्या अंकात ते विसरता येत नाहीत. लोकप्रिय कॉमिक्समध्ये एखाद्या संपादकाने हा हिशेब मागणं ही साधी गोष्ट नव्हती. पण उरलेलं अर्धं मन मान्य करत नाही. मनावर झालेला अत्याचार हे ज्या बिघाडाचं मूळ आहे त्याची सगळी शिक्षा जिच्यावर अत्याचार झाला तिनेच, तेही स्वतःच्या हाताने भोगायची! नव्या शेवटात निदान एक गोष्ट आहे: निर्णय जीन स्वतः घेते. आधीच्या शेवटात तिच्याबद्दल सगळं इतरच ठरवत होते.

हा मृत्यू सहा वर्षंही टिकला नाही. १९८६ मध्ये मूळचे पाच विद्यार्थी पुन्हा एकत्र आणून ‘एक्स-फॅक्टर’ ही नवी मालिका काढायची होती आणि पाचवी हवी होती. शूटरची अट तीच होती: जीन परत येईल, पण त्या हत्यांचं रक्त तिच्या हाताला लागलेलं नको. तोड काढली कर्ट ब्युसिक या तरुण लेखकाने. यानाच्या अपघातातच एका वैश्विक शक्तीने जीनला जमैका बेच्या तळाशी एका कोशात झोपवलं, आणि तिचं रूप, तिच्या आठवणी घेऊन ती शक्तीच वर आली, असं आता सांगितलं गेलं. आपल्याकडे सूर्याचं तेज सहन न होऊन संज्ञा निघून जाते आणि घरात तिच्याजागी छाया नांदते, तसंच काहीसं हे. पण पुराणातली छाया हीच एक वेगळी व्यथा होते. इथे छायेच्या पदराआड सगळा अपराध लपवला गेला. कड्यावर स्कॉटचे डोळे पाहणारी ती कोण होती मग? चंद्रावर मरणारी कोण? त्या कथेवर जीव टाकणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न रास्त होते. क्लेरमाँटलाही ही जिवंत करण्याची कल्पना रुचली नव्हती.

पुढे हा साचाच पडला. जीनची प्रतिकृती निघालेली मॅडलिन प्रायर १९८० च्या दशकाच्या शेवटी ‘गॉब्लिन क्वीन’ झाली. २००५ मध्ये मार्व्हलच्याच वांडाने, म्हणजे ‘स्कार्लेट विच’ने, दुःखाच्या भरात जगच बदललं, आणि २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंजच्या सिनेमात पुन्हा तीच वाट धरली. पुरुषांचं असं होतच नाही असं नाही. डीसी या प्रतिस्पर्धी कॉमिक्स कंपनीचा ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डन १९९४ मध्ये आपलं शहर बेचिराख झाल्यावर बिथरला, आणि दहा वर्षांनी त्याचाही दोष एका परक्या शक्तीच्या माथी मारून त्याला मोकळा केला. तरी बाईच्या हाती अमर्याद शक्ती आली की तिचं मन ती पेलणार नाही, ही मांडणी मार्व्हलने इतक्या वेळा गिरवली की तिचा कंटाळा येतो. १९८० च्या कथेला तो दोष पूर्णपणे लावता येत नाही. तिच्या नकलांना लावता येतो.

सिनेमांचं थोडक्यात. २००३ च्या ‘एक्स२’मध्ये फामके जॅन्सनची जीन बाकीच्यांना वाचवताना बुडते आणि शेवटी पाण्याखाली पक्ष्याची अस्पष्ट आकृती दिसते. पाया उत्तम होता. पण दिग्दर्शक ब्रायन सिंगर सुपरमॅनच्या सिनेमाकडे गेला, मॅथ्यू व्हॉन आला आणि चित्रीकरणाआधी बाहेर पडला, अखेर ब्रेट रॅटनरने ‘द लास्ट स्टँड’ केला. त्यात म्युटंटांवरच्या ‘औषधा’ची दुसरी मोठी कथा मिसळली, आणि जीन बराच वेळ मॅग्नेटो या खलनायकाच्या मागे नुसती उभी राहिली.

त्याच्या पटकथाकारांपैकी एक सायमन किनबर्ग. हीच कथा नीट सांगण्यासाठी २०१९ मध्ये तो स्वतः दिग्दर्शक म्हणून उतरला. हा त्याचा पहिलाच चित्रपट. नोव्हेंबर २०१८ ची तारीख फेब्रुवारी २०१९ वर आणि तिथून जूनवर गेली. अंतराळातला शेवट बाद करून त्याजागी आगगाडीतली मारामारी पुन्हा चित्रित केली गेली. मार्च २०१९ मध्ये डिस्नीने हे सिनेमे काढणाऱ्या फॉक्सचा चित्रपट-व्यवसाय ताब्यात घेतला, त्यामुळे ही मालिका इथे संपणार हे प्रेक्षकांना सिनेमागृहात जाण्याआधीच ठाऊक होतं.

तरी या सिनेमात एक धागा अस्सल आहे. लहानपणी जीनच्या हातून अपघात होऊन आई जाते. झेव्हियर तिच्या मनात भिंती घालून ती आठवण बंद करतो, वडील हयात आहेत हेही लपवतो. २००६ मध्येही झेव्हियरनेच तिच्या मनाला कुलूप घातलेलं होतं. म्हणजे कॉमिक्समध्ये जो घाव खलनायक घालतो, तो सिनेमांत भलं चिंतणारा पालक घालतो. हा बदल मला मूळ कथेपेक्षाही धाडसी वाटतो. मोठ्यांनी तुझ्या भल्यासाठी म्हणून लपवलेलं सत्य एक दिवस फुटतं, तेव्हा राग कुणावर काढायचा? सोफी टर्नर (जीन) आणि जेम्स मॅकअव्हॉय (झेव्हियर) यांचे, ती वडिलांच्या घरी जाऊन आल्यानंतरचे प्रसंग याच प्रश्नाभोवती आहेत. पण मग जेसिका चेस्टेनची परग्रहवासी येते, आणि प्रश्न तिथेच राहून मारामारी सुरू होते. गंमत म्हणजे चेस्टेनचं पात्र डी’बारीच आहे. १९८० मध्ये जे बळी होते तेच इथे शत्रू झाले, आणि ताऱ्याची हत्या जीनच्या नावावरून पुसली गेली. ते ओझंच नाही म्हटल्यावर शेवटी तिने स्वतःचा बळी देण्याला वजन कुठून येणार?

वेळेचा मुद्दाही आहेच. किनबर्गची जीन आम्हाला आधी फक्त २०१६ च्या ‘अपोकॅलिप्स’मध्ये भेटली होती, तीही गर्दीत. क्लेरमाँटच्या वाचकांनी तिच्याबरोबर चार वर्षं काढली होती. सिनेमा पाहून कुणाला कॉमिक्सकडे वळायचं असेल तर बहुतेक याद्या १२९व्या अंकापासून सुरुवात करायला सांगतात. माझा आग्रह आहे, १०१ पासून सुरू करा. मधले काही अंक संथ आहेत, एक-दोन तर कंटाळवाणे आहेत, पण १३७व्या अंकातल्या निरोपाची किंमत त्याच पानांत जमा होत गेलेली आहे.