वीज परत देणारी गाडी : धोरण कुठून आलं, कुठे अडलं

दादरला लोकल फलाटात शिरते तेव्हा ब्रेकबरोबर खालून एक उतरत जाणारा सूर येतो. रोजच्या प्रवाशाच्या कानाला तो इतका सरावाचा की ऐकूच येत नाही. त्या काही सेकंदांत डब्याखालच्या मोटरींचं जनित्र झालेलं असतं आणि गाडी वरच्या तारेत वीज परत ढकलत असते. २००७ पासून धावू लागलेल्या सीमेन्सच्या यंत्रणेच्या लोकलमध्ये ही सोय आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९२०च्या दशकाअखेरीस जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) आणलेली ‘क्रोकोडाइल’ इंजिनं घाट उतरताना हेच करायची. गाडीने वीज परत देण्याचं मुंबईला म्हणूनच नवल वाटायला नको. पण रेल्वेची तार, रेल्वेची गाडी आणि हिशेबही रेल्वेचाच. विजेवरच्या मोटारीने अशीच वीज परत द्यायची म्हटली तर गाडी माझी, तार वीज कंपनीची, दर वीज नियामक आयोगाचा. धोरणाचं घोडं पेंड खातं ते इथे.

मूळ कल्पना १९९७ सालची. डेलावेअर विद्यापीठातले विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन लेटेंड्र यांनी त्या वर्षी एका निबंधात मांडलं की मोटार दिवसातला बहुतेक वेळ नुसती उभी असते. विजेवर चालणारी गाडी असेल तर त्या वेळात तिची बॅटरी ग्रिडच्या, म्हणजे सामायिक वीजजाळ्याच्या कामी येऊ शकते. पुढची बरीच वर्षं हे बहुतांशी कागदावरच राहिलं. मग मार्च २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला, फुकुशिमाची दुर्घटना झाली, विजेची टंचाई आली. पुढच्याच वर्षी निस्सानने आपल्या ‘लीफ’ गाडीतून घराला वीज देणारी यंत्रणा बाजारात आणली. जपानी ‘चाडेमो’ पद्धतीच्या प्लगमध्ये वीज दोन्ही दिशांनी नेण्याची सोय होती. युरोपच्या ‘सीसीएस’ पद्धतीसाठी तसं पूर्ण मानक यायला २०२२ उजाडलं. आपल्याकडच्या मोटारी बहुतांशी याच दुसऱ्या घराण्यातल्या, त्यामुळे उशीर वारशातच आला.

भारतात आधी प्रश्न होता लोकांनी गाडी घ्यावी कशी, हा. २०१५ ची ‘फेम’ योजना, २०१९ चा तिचा १० हजार कोटींचा दुसरा टप्पा, २०२४ ची ‘पीएम ई-ड्राइव्ह’, सगळा भर अनुदानावर. माझ्या मते खरी महत्त्वाची तारीख एप्रिल २०१८. २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज विकायची तर परवाना लागतो. मग चार्जिंग स्टेशनवाला वीज विकतो का? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्टीकरण काढलं : चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. एका कागदाने स्टेशनवाल्यांची वाट मोकळी झाली. उलट्या दिशेचं काय, हे मात्र त्यात नव्हतं. गाडीत वीज भरणं विक्री नाही, तर गाडीतून काढून ग्रिडला देणं म्हणजे काय? विक्री? निर्मिती? की उसनवारी फेडणं?

जवळचं उदाहरण छतावरच्या सौर पॅनेलचं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे, म्हणजे घेतलेल्या विजेतून परत दिलेली वीज वजा करण्याचे नियम केले, २०१९ मध्ये ते नव्याने आणले. ग्राहक पुरवठादारही होऊ शकतो, हे त्याने मान्य झालं. पण हे नियम छतावरच्या अक्षय ऊर्जेसाठी. गाडी वीज निर्माण करत नाही, साठवते; रात्री घेतलेली वीज कोळशाचीही असू शकते. त्यात आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंगसाठी वेगळा वीजदर ठरवला. एका दराने भरायचं आणि दुसऱ्या दराने परत करायचं, तर मधला फरक कुणाच्या खिशात जाणार, ही शंका कोणत्याही आयोगाला येणारच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून वीजसाठवणुकीला वीज यंत्रणेतलं रीतसर स्थान दिलं. सप्टेंबर २०२४ च्या चार्जिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांत उन्हाच्या तासांत दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट, असं सूत्र आलं. दुपारी भरा, संध्याकाळी परत द्या, याला पैशाचं कारण मिळालं ते असं.

आमच्या इमारतीत या विषयाचं गांभीर्य कळलं १२ ऑक्टोबर २०२० ला. त्या दिवशी मुंबईची वीज गेली : कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या कोलमडल्या, संकटात शहराला ग्रिडपासून तोडून सुरक्षित ठेवणारी ‘आयलँडिंग’ व्यवस्थाही टिकली नाही, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी. खाली पार्किंगमध्ये एका शेजाऱ्याची नवी इलेक्ट्रिक गाडी उभी होती, बॅटरीत तिसेक युनिट, म्हणजे एसी नसलेल्या घराला तीन-चार दिवस पुरतील इतकी वीज. तिला बाहेर यायला दारच नव्हतं. २०२३ मध्ये नेक्सॉन आणि आयोनिक ५ सारख्या गाड्यांतून उपकरणं चालवायची सोय आली खरी, पण ती साडेतीन किलोवॉटच्या आसपास. आमचा तीन फेजचा पंप तिच्यावर हलणार नाही. आणि उपकरण चालवणं वेगळं, ग्रिडला जोडणं वेगळं. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या वाहिनीत कुणाच्या गाडीतून वीज शिरली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. अभियंते सावध असतात ते उगाच नाही.

राज्याची ई-वाहन धोरणं तीन : २०१८, २०२१ आणि २०२५. तिसऱ्यातली गाजली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावरची टोलमाफी. मला जास्त हळहळ वाटते बेस्टची. १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू करणारी ही संस्था आजही शहर भागात वीज विकते आणि शहरभर बस चालवते. एकाच छताखाली वाहनही आणि मीटरही, असं जुळून आलेलं दुसरं शहर देशात शोधावं लागेल. पण तिच्या इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावरच्या. आगारात रात्रभर उभी असलेली बॅटरी कंत्राटदाराची. तिची झीज कुणी सोसायची, हा सवाल करारापाशीच येऊन थांबतो.

उरला मीटर. कोणत्या घटकेला किती वीज गेली आणि किती आली, हे मोजणाऱ्या मीटरशिवाय यातलं काहीच होणार नाही. नेमका अशाच, म्हणजे स्मार्ट मीटरला राज्यात विरोध पेटला आणि जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. भीती होती प्रीपेडची, पण संशय सगळ्याच नव्या मीटरवर बसला.

२०२५ मध्ये केरळच्या वीज मंडळाने गाडीतून ग्रिडला वीज देण्याचा पथदर्शी अभ्यास हाती घेतला. तिथे दुपारी सौरवीज भरपूर आणि संध्याकाळी टंचाई, म्हणून त्यांना घाई. या कामात त्यांनी सोबत घेतलं ते पवईच्या आयआयटीला. आमच्या सोसायटीच्या गेल्या सर्वसाधारण सभेत मात्र पार्किंगमधल्या पहिल्या चार्जरसाठी केबल जिन्याखालच्या मीटर केबिनमधून न्यायची की कंपाउंडच्या भिंतीवरून, यावर पाऊण तास गेला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.