अंग आंबलंय की स्नायू फाटलाय?

पोलीस भरतीचे दिवस आले की लातूर, बीड, परभणीच्या मैदानांवर पहाटेच गर्दी होते. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. आठवडाभरात बरीच पोरं लंगडायला लागतात आणि सगळ्यांना सल्ला एकच मिळतो: "पळत राहा, मोकळं होईल." आंबलेल्या पायांना तो चालतो. स्नायू ताणून फाटला असेल तर त्यानंच दुखणं वाढतं.

आंबणं उशिरा येतं. संध्याकाळपर्यंत काही नसतं, दुसऱ्या दिवशी उकिडवं बसवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठवड्याच्या आत संपतं. दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही आणि थोडं चाललं की बरं वाटतं. दोष लॅक्टिक ॲसिडला देतात, पण ते तासाभरात रक्तातून निघून जातं. खरं कारण म्हणजे वजन पेलत स्नायू लांबला की त्याच्या धाग्यांना होणारी बारीक इजा. दौलताबादचा किल्ला चढताना दम निघतो, तरी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरण्यानं. बैठकांचंही तेच. याला हलकं चालणं, गरम पाण्याची अंघोळ, हलका मसाज आणि झोप पुरे. स्ट्रेचिंगचा उपयोग लोक समजतात तेवढा नाही. पंधरा दिवसांनी तोच व्यायाम केला तर दुखणं बरंच कमी असतं.

स्नायू फाटतो तो मैदानातच कळतो. १०० मीटरला जोर लावला आणि मांडीच्या मागं कट्कन झालं. एकाच पायात, एकाच जागी; एकदोन दिवसांत सूज, कधी काळंनिळं. तिथंच थांबायचं. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि चोळणं तर नकोच, मग लचक काढणारा कितीही नावाजलेला असो; आतला रक्तस्राव वाढतो. पाय टेकवत नसेल किंवा स्नायूत खळगा लागत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

एका बाबतीत मात्र दवाखान्यात जायला वाट पाहू नका. उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी ईर्षेनं शेकड्यानं बैठका मारल्या आणि नंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येत असतो. वेदनाशामक गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.