रिसर्चचे पैसे कुणाकडे जातात?

रिसर्चवाले वस्तीत येतात, फॉर्म भरून घेतात आणि निघून जातात, पुढं त्याचं काय झालं ते वस्तीला कधीच कळत नाही. हे बदलायला अमेरिकेत 2011 ते 2016 ‘फूड डिग्निटी’ नावाचा प्रोजेक्ट झाला, तिथल्या कृषी खात्याचा पैसा, जवळपास 50 लाख डॉलर, आणि प्रमुख वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या क्रिस्टीन पोर्टर. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनपासून वायोमिंग राज्यातल्या विंड रिव्हर रिझर्व्हेशनपर्यंत (म्हणजे आदिवासींसाठी राखलेला मुलूख) पाच ठिकाणी जे लोक आधीपासूनच भाजी पिकवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना देत होते, तेच यात पार्टनर होते.

वायोमिंगमधलं लॅरमी घ्या, 2,100 मीटरच्या वरचं गाव, थंडी कडक आणि हंगाम एवढासा. तिथं बागवाल्यांनीच डेटा गोळा केला. भाजी तोडली की आधी काट्यावर, मग वहीत नोंद, घरी किती खाल्ली नि वाटली किती तेपण लिहायचं. स्वतःच्या बागेतून किती निघतं हे त्यांना स्वतःलाच हवं होतं, म्हणून ते मनापासून झालं असं मला वाटतं.

पण खरी कसोटी पैशाची. युनिव्हर्सिटीच्या माणसाला महिन्याचा पगार चालू असतो, वस्तीतल्या बाईनं तेच काम केलं तर सेवा म्हणून खपवतात, हे मला अजिबात पटत नाही. फूड डिग्निटीत वस्तीतल्या लोकांच्या पगाराची सोय होती, छोटी अनुदानंही होती, तरीसुद्धा वाटणी न्यायाची झाली नाही असं प्रोजेक्टच्याच लोकांनी 2018 मध्ये हिशोबासकट छापलं. असं छापायला हिंमत लागते.

आदिवासींचा अविश्वास उगाच नाहीये. ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांचं रक्त 1990 च्या सुमारास डायबेटिसच्या अभ्यासाला म्हणून घेतलं आणि न विचारता स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासारख्या भलत्याच रिसर्चला वापरलं, शेवटी 2010 मध्ये 7 लाख डॉलर नि उरलेले नमुने परत देऊन समझोता झाला.

म्हणून विंड रिव्हरला नंतर झालेली ट्रायल मला महत्त्वाची वाटते. परसबागेनं तब्येत सुधारते का हे बघायला काही घरांना बाग लगेच द्यायची, काहींना नाही, आणि कुणाला ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, तुलनेशिवाय उत्तर मिळत नाही. पण नुसतं तुलनेसाठी कुणाला रिकाम्या हाती ठेवायचं नाही असं ठरलं, त्यामुळं थांबलेल्या घरांनाही अभ्यास संपल्यावर बाग करून द्यायचं आधीच कबूल केलं होतं.