पाळण्यातलं पाप

दोन तान्ही बाळं एकाच अंगावर पिणारी. एक पितंय, दुसरं त्याच्याकडे टक लावून बघतंय. तोंडातून शब्द फुटायचं वय नाही, पण चेहरा पांढराफटक आणि नजर कडवट. इ.स. 400 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनात हे चित्र टिपून ठेवलं. आपण म्हणू, भूक लागली असेल. त्याला मात्र त्यात मत्सर दिसला. बाळ निरुपद्रवी असतं ते हातापायांत बळ नसतं म्हणून, मन निर्मळ असतं म्हणून नव्हे, असा त्याचा निष्कर्ष.

यातूनच पुढे पेलागियसच्या मताशी त्याचा मोठा वाद पेटला. ब्रिटनकडून रोमला आलेल्या या संन्याशाच्या मते मूल जन्मतः निर्दोष असतं. मग तान्ह्या मुलांना पाप धुऊन काढणारा बाप्तिस्मा कशासाठी द्यायचा, हा ऑगस्टीनचा प्रतिप्रश्न होता. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने ऑगस्टीनच्या बाजूने कौल दिला. बाप्तिस्मा न होताच दगावलेल्या अर्भकांचं काय, या प्रश्नावर त्याने उत्तर दिलं: शिक्षा होते, पण सगळ्यांत सौम्य. कुठल्या आईचं त्याने समाधान झालं असेल, कोण जाणे.

पण लेकरांसारखे व्हा, असं सांगणारा येशूही ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्येच होता. मत्तयच्या शुभवर्तमानावरच्या टीकेत ऑगस्टीनचा समकालीन संन्यासी विद्वान जेरोम याने त्या वचनाचा अर्थ लावला: मूल राग धरून बसत नाही, दुखावलं तरी विसरून जातं, सुंदर बाई दिसली म्हणून हरखत नाही, आणि त्याच्या मनात एक, ओठांवर एक असं नसतं. तिसरा गुण वाचला की यादी संन्याशाने केली आहे हे लगेच कळतं. स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिदोर याने तर सातव्या शतकात मुलगा या अर्थाचा लॅटिन शब्द थेट 'शुद्धता' या शब्दापासूनच काढला. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकत नाही, पण त्याच्या मनात काय होतं ते कळतं.

या दोन टोकांची गाठ पडली ती मठात. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत मूल मठाला अर्पण करण्याचा विधी दिला आहे. आईवडील विनंतीपत्र लिहायचे आणि ते पत्र, नैवेद्य आणि मुलाचा हात, तिन्ही वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळायचे. त्याच नियमावलीत लहानग्यांना ठरल्या वेळेआधी जेवायची मुभा आहे, आणि बहिष्कार म्हणजे काय हे न कळणाऱ्या पोरांसाठी उपास किंवा छडीही आहे. इंग्लंडचा इतिहासकार बीड सातव्या वर्षी असाच मठात आला आणि तिथेच रमला. प्रत्येकाचं तसं झालं नाही. जर्मनीतल्या फुल्डाच्या मठाला लहानपणी दिलेला गॉट्शाल्क 829 मध्ये माइन्झच्या धर्मसभेपुढे उभा राहिला: मला माझ्या इच्छेविरुद्ध संन्यासी केलं. सभेने त्याचं म्हणणं मान्य केलं. त्याचा मठाधिपती राबानुस माउरुस इतका खवळला की मुलं अर्पण करण्याच्या समर्थनार्थ त्याने एक ग्रंथच लिहिला.

मध्ययुगात बालपण ही कल्पनाच नव्हती, असं फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएसने 1960 मध्ये मांडलं आणि ते बरंच गाजलं. सात वर्षांपर्यंत शैशव, चौदापर्यंत बाल्य अशी इसिदोरची विभागणी समोर असताना ते पटणं अवघड आहे. आणि त्याहून अवघड वाटतं ते तूरचा बिशप ग्रेगरी वाचताना. 580 साली गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, हगवणीची साथ आली आणि तिने आधी लहान मुलांनाच गाठलं. ग्रेगरी राजेरजवाड्यांच्या हकिकती सांगता सांगता थांबतो आणि लिहितो की आमची गोड, लाडकी लेकरं गेली. त्यांना आम्ही मांडीवर खेळवलं होतं, कडेवर घेतलं होतं, आपल्या हाताने घास भरवले होते.