मऊ केस पोलादाचा टवका कसा उडवतो?

हाताने घडवलेला वस्तरा विकताना एक वाक्य हमखास सांगितलं जातं : 'हा पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.' वस्तरा टिकतो, यात शंका नाही. पण त्याची धार दर दाढीगणिक थोडी थोडी जाते. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. मग तो पोलादाला हरवतो कसा? बहुतेकांना वाटतं, धार घासून घासून गोल होते. मलाही हेच उत्तर सरळ वाटायचं, पण ते बरोबर नाही. खरं कारण कळलं की कुठल्या वस्तऱ्याला पैसे मोजावेत, हेही कळतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात जानलुका रोशोली, जेम ताशान आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. २०२० साली 'सायन्स' या विज्ञाननियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. रोशोली बाजारात मिळणाऱ्या साध्या रेझरने स्वतः दाढी करायचा आणि मग ते पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. धार फारशी गोल झालेलीच नव्हती. तिचे बारीक टवके उडाले होते, तेही सगळीकडे नव्हे, ठरावीक जागीच. पुढे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापण्याची सोय केली आणि टवका उडताना पाहिला.

हे समजून घ्यायला पोलादाच्या आत शिरावं लागतं. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. वस्तऱ्याच्या साध्या पोलादात कार्बन साधारण १ टक्का असतो. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात. या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. तिच्यातल्या पोकळ्यांत कार्बनचे अणू सामावतात. पातं सावकाश निवू दिलं तर कार्बन बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. पण कारागीर ते लालबुंद पातं झटक्यात तेलात किंवा पाण्यात बुडवतो, म्हणजेच त्याला पाणी देतो. मग कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. लोखंडाला पुन्हा थंडपणीची घनाकार मांडणी घ्यायची असते, पण आत कार्बन अडकलेला. परिणामी घन एका दिशेने ताणला जातो. हे मार्टेन्साइट. या ताणलेल्या जाळीत अणूंच्या थरांना एकमेकांवरून सरकणं अवघड जातं. पातं कठीण होतं ते यामुळे, आणि ठिसूळही यामुळेच. तो ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा १५० ते २०० अंशांपर्यंत तापवतात.

मार्टेन्साइट एकजिनसी मात्र नसतं. त्यात वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या सूक्ष्म पट्ट्या असतात, मधूनमधून कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाचे, कण असतात. धारेच्या टोकाची जाडी मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. केस त्याच्या कितीतरी पट जाड, साधारण ५० ते १०० मायक्रॉन. म्हणजे एकच केस कापताना धारेचा काही भाग कठीण, तर शेजारचा थोडा मऊ असू शकतो. केस सरळ उभा राहून कापला गेला तर धारेला विशेष काही होत नाही. तो वाकला, की धारेला बाजूला ढकलू लागतो. त्याच वेळी केसाची कड बरोबर कठीण-मऊ भागांच्या सीमेवर आली आणि तिथे आधीच एखादी सूक्ष्म खाच असली, तर ताण त्या एका बिंदूवर एकवटतो. तडा जातो, टवका उडतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मऊ केस जिंकतो.

हा प्रयोग कारखान्यातल्या स्टेनलेस पात्यांवर झाला. पण हाताने घडवलेल्या वस्तऱ्याचं पातंही मार्टेन्साइट आणि कार्बाइडचंच असतं, म्हणून कारागिराचं कसब मी इथे शोधतो. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं तर आतले स्फटिक मोठे होतात आणि धार ठिसूळ होते. पाणी दिल्यावर पातं चाकावर घासून पातळ करताना त्याची कड क्षणात तापते. ती निळी पडली तर तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि कठीणपणा उतरला असं समजावं. म्हणून चांगला कारागीर पातं पुनःपुन्हा पाण्यात बुडवत घासतो. त्याचं हे काम फोटोत दिसत नाही.

फोटोत दिसते ती 'दमास्कस' नक्षी. दोन वेगळी पोलादं थरांनी जोडून, आम्लात बुडवून ती उठवतात. देखणी असते, मला आवडतेही. पण नक्षीमुळे धार अधिक तीक्ष्ण होते हा दावा निराधार आहे. अनेक कारागीर नक्षी फक्त बाहेरून ठेवतात आणि धारेसाठी मधला थर एकाच पोलादाचा घेतात. याहून मोठी थाप म्हणजे पिरॅमिडची. कारेल द्रबाल याला चेकोस्लोव्हाकियात १९५९ साली पात्याची धार टिकवणाऱ्या पिरॅमिडचं चक्क पेटंट मिळालं होतं! पेटंट मिळाल्याने दावा खरा ठरत नाही. तुटून गेलेला पोलादाचा कण कुठल्याही आकाराखाली ठेवला तरी परत येत नाही.

दाढीचे नियमही आता वेगळे दिसू लागतात. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनमध्ये पाणी शिरलं की त्यातले हायड्रोजन बंध सैल होतात आणि केस कापायला कमी बळ लागतं. म्हणून आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाणी हवं. बिनपाण्याने करणं गालालाही महागात पडतं आणि पात्यालाही. त्वचा ताणून धरली की खुंट उभे राहतात. मुळाशी कापताना त्यांना वाकायला जागा कमी उरते. पातं गालाशी साधारण ३० अंशांत धरावं आणि धारेच्या लांबीच्या दिशेने कधीही सरकवू नये, तशी सरकली तर कातडी फारच थोड्या दाबाने चिरली जाते. आपला वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नये, रक्तातून कावीळ ब आणि क पसरतात.

धार लावायला कोन मोजावा लागत नाही, तो घडवतानाच ठरलेला असतो. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवायची. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पातं १८ मिलिमीटर रुंद असेल तर कोन सुमारे १६ अंशांचा येतो. धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून वर्षानुवर्षं तो फारसा बदलत नाही. निसण्यावर धार पुढे ठेवून सरकवायचं, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, आणि प्रत्येक वेळी पातं पाठीवरून उलटायचं, नाहीतर धार चामड्यात रुतते. दर दाढीआधी पट्ट्यावर परजल्याने वाकलेली धार सरळ होते. टवके उडालेले असतील तर पट्टा पुरत नाही. मग टवक्याच्या तळापर्यंतचं पोलाद निसण्यावर घासून काढावं लागतं.